खिशातलं अंडं

आमच्या लांगवेर्टला एकमेकांना पाण्यात पाहणं सोपं जातं, कारण पाणी सगळीकडे आहे. दोन शेतांमध्ये बांध नसतो, चर असतो. चरात पाणी असतं आणि त्या पाण्यात शेजाऱ्याचं घर उलटं दिसतं. गॉसे तेर्पस्त्राने ते उलटं घर तीसेक वर्षं पाहिलं. मान वर करून सुलटं घर पाहायचं नाही, असं त्याने एका मार्च महिन्यात ठरवलं होतं, आणि फ्रिसलंडच्या माणसाने एकदा ठरवलं की देवसुद्धा दुसरं काम बघतो.

ते घर रिन्से बाउमाचं. गोठा आमच्याकडल्या सगळ्यांत मोठा, शेत सगळ्यांत कोरडं, गवत सगळ्यांत हिरवं आणि हसू सगळ्यांत मोठ्याने.

वित्स्के ही गॉसेची मुलगी. वय पन्नाशीकडे झुकलेलं, खांदे बापाचे, आवाज आईचा आणि राग दोघांचा मिळून. बाप थकल्यावर गायी तिने आणि तिच्या नवऱ्याने, हार्मने, अंगावर घेतल्या. शिवाय ती आमच्या कुरण संघाची समन्वयक आहे. त्याचं असं झालं, की ओल्या कुरणांत घरटी करणाऱ्या टिटव्या आणि लांब चोचीचे ग्रुटो दरसाल कमी होत गेले. ग्रुटो हा स्वतःचंच नाव ओरडत फिरणारा पक्षी, त्यामुळे तो नाहीसा झाला की लगेच कळतं. मग सरकारला जाग आली. शेतकऱ्यांनी वसंतात चरातलं पाणी वर ठेवावं, गवत उशिरा कापावं, घरटं दिसलं की ट्रॅक्टर वळवावा, म्हणून अनुदान निघालं. आता आमच्या बाजूच्या आठ शेतांना चर एक आणि त्याची झडपही एक. एक जण नाही म्हणाला की आठांचं पाणी खाली. म्हणून आठही स्वयंपाकघरांत बसून आठही तऱ्हांची कॉफी पिणारं कुणीतरी लागतं. वित्स्केचं पोट चांगलं आहे.

सात जण झाले. रिन्से उरला.

मार्चच्या सुरुवातीला ती त्याच्याकडे गेली. लाकडी जोडे दाराबाहेर काढले, मोज्यांवर आत शिरली. रिन्सेच्या बायकोने, डाउत्सेनने, कॉफी ओतली. आमच्याकडे कॉफीबरोबर बिस्किट एकच देतात आणि डब्याचं झाकण लगेच लावतात, ही काटकसर नाही, संस्कृती आहे. त्या दिवशी डबा रिन्सेपुढे उघडला आणि वित्स्केपर्यंत पोचण्याआधी बंद झाला.

"पाणी चढवून माझ्या शेताचा चिखल करायचा," रिन्से म्हणाला, "ही कल्पना तुझी का बापाची?"

"संघाची. हाइट यात नाही." आमच्याकडे बापाला हाइट म्हणतात. "हाइट तर तुमचं नावही घेत नाही."

"मग काय म्हणतो मला?"

"पलीकडचा."

डाउत्सेनला हसू आलं, ते तिने कपात बुडवलं.

"हे बघ पोरी," रिन्सेने बिस्किट कॉफीत बुचकळलं, "माझ्या शेतात पक्षी नाही. कधीच नव्हता. तुमचं ते पक्षीपुराण माझ्या दारात कशाला?"

"कधीच नव्हता?"

"कधीच." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"मग तुमची चांदीच. पक्षी नाही आला तर पाणी चार बोटं वर आणि अनुदान खिशात. आला तर, पिल्लं असेपर्यंत कापायचं नाही, एवढंच."

"आणि पिल्लं आहेत का नाहीत ते ठरवणार कोण?"

"समन्वयक."

"म्हणजे तू."

"पिल्लं असली तर मी. नसली तर मी कोण?"

रिन्सेने सही केली. संध्याकाळी कॅफेत त्याने सगळ्यांना सांगितलं, की न येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे सरकार देतंय, नको कशाला म्हणायचं. सगळे हसले. मीही हसलो. बियर त्याने पाजली होती.

वित्स्के घरी आली तेव्हा गॉसे खिडकीशी त्याच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी, छातीवर दुर्बीण. पाय गेल्यापासून त्याचं फिरणं दुर्बिणीतून चाले.

"काय म्हणाला पलीकडचा?"

"सही केली."

"आणखी?"

वित्स्केने जोड्यांचा चिखल खरवडायला घेतला. "म्हणाला, त्या शेतात पक्षी कधीच नव्हता."

गॉसेने दुर्बिणीची काच घोंगडीच्या टोकाने पुसली. एक पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"मला त्याचं काही नको," तो म्हणाला. "शेत नको, गायी नकोत. त्याने एकदा कॅफेत, माणसांसमोर, आपल्या तोंडाने म्हणावं, की घरटं होतं. मग मी मरायला मोकळा."

"मरायचं मागाहून बघू, हाइट. आधी पाणी चढू दे."

आता हे घरटं कुठलं, ते सांगितलं पाहिजे. त्या काळी आमच्याकडे टिटवीची अंडी शोधायची रीत होती. मार्च लागला की बापय माणसं लांब काठ्या घेऊन कुरणात निघत, चरात काठी रोवून पलीकडे उड्या टाकत, आणि पक्षी कसा उठतो, कुठून उठतो, यावरून घरटं ओळखत. सबंध प्रांतात सालातलं पहिलं अंडं ज्याला मिळे तो ते गव्हर्नराला नेऊन देई. फोटो निघे, पेपरात नाव येई आणि गावाला वर्षभर मान वर करून चालता येई. लांगवेर्टच्या वाट्याला तो मान कधीच आला नव्हता. एका वर्षी कडक थंडीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गॉसेला ते अंडं मिळालं. रिन्सेच्या शेतात.

अंडं टोपीत ठेवून तो कॅफेवर धावला, तपासनिसाला फोन लावला. नियम असा, की तपासनिसाने येऊन घरटं डोळ्यांनी पाहायचं. टिटवीचं घरटं म्हणजे काय, तर जमिनीत छातीने घोळून केलेली एक खळी आणि चार काड्या. तपासनीस येईपर्यंत रिन्सेने त्या शेतात रोलर फिरवला होता. मार्चमध्ये जमीन सपाट करायला सगळेच रोलर फिरवतात, त्यात गैर काही नाही. तेव्हा तो पंचविशीचा होता आणि स्वतः तीन वर्षं तेच शेत धुंडाळून रिकाम्या हाताने परतला होता.

"घरटं?" तो तपासनिसाला म्हणाला. "मी सबंध शेत वरखाली केलंय. असतं तर दिसलं नसतं?"

जमीन तव्यासारखी सपाट होती. तपासनिसाने टोपीतल्या अंड्याकडे पाहिलं, मग गॉसेकडे. दक्षिणेकडे टिटव्या आठवडाभर आधी अंडी घालतात, आणि आगगाडी तिकडूनही येते, एवढंच तो बोलला. त्या आठवड्यात मेन्ते नावाच्या आमच्या विनोदी माणसाने कॅफेत गॉसेच्या कोटाच्या खिशात हळूच कोंबडीचं अंडं सोडलं. गॉसे त्यावर बसला. पिवळा बलक अस्तरातून पँटपर्यंत उतरला आणि सगळा कॅफे टेबलं बडवत हसला. वित्स्के तेव्हा शाळेत जात होती. तो कोट तिच्या आईने तिच्याकडून धुऊन घेतला. गॉसेने काठी गोठ्याच्या आढ्याला टांगली ती कायमची, आणि कॅफेची पायरी पुन्हा चढला नाही.

तर पाणी चढलं. एप्रिलभर वित्स्के आणि हार्म कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून स्वतःच्या शेतात राबले. सौरपंप बसवला, नळ्या ओढल्या, खोलगट भागात घोट्याएवढं पाणी पसरवलं. पहाटे दूध काढायचं, मग चिखलात, मग पुन्हा दूध. वारा समुद्राकडून येई आणि हातांच्या भेगांत मीठ भरी. वित्स्केच्या बोटांची पेरं उकलली, तिने गायींच्या सडांना लावायचं मलम तिथे लावलं. गांडुळं वर आली, त्यांच्यामागे टिटव्या आल्या, टिटव्यांमागे ग्रुटो. खिडकीतून गॉसे ओरडून सांगे, "तिसऱ्या खुंटापाशी बसलाय! डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!"

पाण्याला मात्र सातबारा वाचता येत नाही. ते रिन्सेच्या शेतातही खालून पाझरलं. त्याने एप्रिलच्या मध्यात शेणकाल्याची टाकी आत घातली आणि ट्रॅक्टर आसापर्यंत रुतला. चाकं फिरली, काळा चिखल उडून रिन्सेच्या तोंडावर बसला. ओढायला जवळ ट्रॅक्टर एकच होता, हार्मचा. हार्मने साखळी लावली, ओढलं, साखळी सोडली, गुंडाळली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही. हार्मला त्याहून जास्त बोलता येत नाही, पण ते रिन्सेला कुठे माहीत?

त्यामुळे रिन्सेची पहिली कापणी लांबली. गवत गुडघ्याच्या वर गेलं, त्यात पिवळी फुलं आली, फुलांवर माश्या आल्या. ग्रुटोच्या पिल्लाला याहून जास्त काही लागत नाही.

मेच्या मध्यावर वित्स्केच्या शेतात अंडी फुटून पिल्लं निघाली. दुसऱ्याच दिवशी तिने त्या शेतात कालवडी सोडल्या. आणि गोठ्यातली एक जुनी फळी खांद्यावर टाकून ती चराकडे निघाली.

"ही कशाला?" हार्मने विचारलं.

"पिल्लांना पलीकडे जायला."

"पिल्लं पोहतात."

"दमतात बिचारी."

हार्मने फळीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, चरापलीकडच्या उंच गवताकडे पाहिलं. "पलीकडे रिन्से आहे," तो म्हणाला.

"पलीकडे गवत आहे. रिन्से त्याच्या घरी आहे."

तिने फळी चरावर आडवी टाकली आणि बुटाने दाबून बसवली. संघाच्या नियमांत फळीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. वाटेने जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना ती दिसली, आणि आम्ही सगळ्यांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

कालवडींच्या खुरांना भिऊन पिल्लं आईबापांमागे फळीवरून टुणटुणत गेली. त्या दिवसापासून रिन्सेच्या शेतावर ग्रुटो घिरट्या घालू लागले. पिल्लं असतात तेव्हा ग्रुटो वेगळा ओरडतो, चिरका, एकसारखा, पोर हरवलेल्या बाईसारखा. त्या आवाजात रिन्सेला स्वतःची सही ऐकू येत असावी.

वित्स्के फाटकाशी गेली. हातात हातोडा आणि एक पाटी.

"पिल्लं आहेत," ती म्हणाली.

"ऐकतोय," रिन्से म्हणाला. "ही पाटी कसली?"

"संघाची. मान असतो तो." तिने पाटी फाटकाच्या खांबाला ठोकली. पाटीवर ग्रुटोचं रंगीत चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: इथला शेतकरी पक्ष्यांसाठी थांबतो.

"मी थांबलेलो नाही. मला थांबवलंय."

"पाटीवर तेवढी जागा नव्हती."

मग चांगली हवा लागली, आणि सायकलवाले आले. शहरातली माणसं, डोक्यावर हेल्मेटं, मांडीवर उन्हाचे चट्टे. पाटी वाचून थांबत, रिन्से दिसला की त्याला हाका मारत. एका बाईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुमच्यासारखे शेतकरी आहेत म्हणून जगात आशा आहे." रिन्सेच्या मागे त्या वेळी इतर सात जण आपापलं गवत कापत होते. वाळलेल्या गवताचा गोड वास सबंध गावावर पसरला होता आणि पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या मुरघासाच्या गठड्या प्रत्येकाच्या अंगणात रचल्या जात होत्या. रिन्सेचं अंगण रिकामं होतं. त्याचं गवत वाऱ्याने लोळलं, बुडाशी पिवळं पडलं, शेंड्याला तुरे आले. असलं गवत गायीपुढे टाकलं तर गाय खाते, पण मालकाकडे बघत खाते.

रोज सकाळी दूध काढून झालं की रिन्से चराशी येऊन उभा राही. पलीकडे वित्स्के.

"गेली का?"

"आहेत."

"मोठी झाली असतील की आता."

"पिल्लांचं काही सांगता येत नाही. काही उशिरा उडतात."

"मोसम संपत आला, पोरी."

"हो ना. आमचं झालं बाई सगळं," वित्स्के म्हणे आणि बादली उचलून चालू लागे.

जून लागला. एका दुपारी वित्स्के बापाला सूप द्यायला आत आली तर त्याची दुर्बीण मांडीवर होती आणि मान खिडकीकडे कललेली.

"शांत आहे," गॉसे म्हणाला.

"काय शांत?"

"पलीकडे. ओरडत नाहीयेत. गेलेत ते."

वित्स्केने वाटी ठेवली, चमचा ठेवला, चमचा सरळ केला. "परवाच गेले," ती म्हणाली. "मी चालून बघितलं. एक पिल्लू राहिलेलं नाही."

"त्याला सांगितलंस?"

"नाही. आज सकाळी मी म्हणाले, आहेत."

मोहरीच्या सुपावर साय धरली. ज्या माणसाला असलेलं घरटं नाही म्हणून उभ्या जन्माचा खोटारडा ठरवलं, त्याच्याच पोरीने नसलेली पिल्लं आहेत म्हणून सांगितली होती. वित्स्के मान खाली घालून वाट बघत राहिली. बाप काय बोलणार ते तिला माहीत होतं. लहानपणी यापेक्षा छोट्या खोट्याला तिने थप्पड खाल्ली होती.

"पाऊस कधीचा सांगितलाय?" गॉसेने विचारलं.

"शुक्रवारचा."

गॉसेने चमचा उचलला. "मग गुरुवारपर्यंत असू देत पिल्लं."

रिन्से बुधवारीच आला. घराच्या मागल्या दाराने आला, टोपी हातात, जोडे बाहेर काढून. त्याच्या डाव्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा बाहेर आला होता. अंगठा दुसऱ्या पायाखाली झाकत तो उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात त्याचं हे पहिलं पाऊल. वित्स्केने कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा उघडला, एक बापाला दिलं, एक स्वतः घेतलं आणि झाकण लावलं.

"त्या शेतात पिल्लू नाही," रिन्से म्हणाला. "मी आज कोपरा न् कोपरा चाललोय."

"आहेत," वित्स्के म्हणाली.

"नाहीत, गॉसे." तो म्हाताऱ्याकडे वळला. "तुम्हाला ठाऊक आहे नाहीत. तुमच्याइतका कान गावात कुणाला नाही." गॉसेला त्याने तुम्ही म्हटलं, तेही पहिल्यांदाच.

गॉसेने बिस्किट कॉफीत धरलं. "नाहीत म्हणतोस. दाखव मग."

"काय दाखवू?"

"नाहीत ते."

"नसलेलं कसं दाखवणार माणूस?"

"अवघड आहे," गॉसे म्हणाला. "असलेलं दाखवणंसुद्धा अवघड असतं. कुणी मधे रोलर फिरवला तर."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाहेर कालवड हंबरली. रिन्सेच्या मानेवर लाल डाग चढत कानांपर्यंत गेले. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"तुला ठाऊक आहे."

"होतं," रिन्से म्हणाला. आवाज इतका बारीक, की वित्स्केने कप खाली ठेवला. "घरटं होतं. झालं?"

"इथे नाही. कॅफेत. उद्या सकाळी, कॉफीच्या वेळेला, लोकांसमोर. मग बघू पिल्लं उडतात का."

रिन्से जायला वळला. दाराशी थांबून म्हणाला, "उद्या कापलं तरी वाळायच्या आत, शुक्रवारी, पाऊस आहे."

"हवामानवाला काय, चुकतोही," गॉसे म्हणाला. "तपासनीस नाही का चुकला."

गुरुवारी सकाळी मी कॅफेत होतो, म्हणून पुढचं कानांनी ऐकलेलं सांगतो. आता गॉसेच्या मनातला कॅफे हा त्याने शेवटचा पाहिलेला कॅफे. मालकीण जेल्त्से गल्ल्यावर, धुराने पिवळं झालेलं छत आणि टेबलं बडवणारी तीसचाळीस माणसं. जेल्त्सेला जाऊन बारा वर्षं झाली. ती टेबलं बडवणारी माणसं तिच्या आजूबाजूलाच, चर्चच्या मागे, ओळीने झोपली आहेत. गल्ल्यावर आता जेल्त्सेची नात असते आणि ओटच्या दुधाची कॉफी करते. त्या सकाळी तिथे दोन जर्मन सायकलवाले होते, पाद्र्याचं जुनं घर विकत घेतलेलं चित्रकार जोडपं होतं, मी होतो, आणि कोपऱ्यात मेन्ते होता. तोच तो, विनोदी. आता नव्वदीचा, ठार बहिरा.

रिन्से आला. दाढी केलेली, रविवारचं जाकीट घातलेलं. ट्रॅक्टर बाहेर सुरूच ठेवला होता, मागे कापणीचं यंत्र. त्याच्या मागोमाग वित्स्के येऊन दारात उभी राहिली, हात छातीवर बांधून.

रिन्सेने आजूबाजूला पाहिलं. ज्यांच्यासमोर बोलायचं, त्यांना शोधत असावा. शेवटी तो मेन्तेकडे बघून बोलला.

"झडपेपलीकडच्या माझ्या शेतात," तो म्हणाला, "त्या वर्षी टिटवीचं घरटं होतं. अंडं गॉसेने तिथूनच काढलं. खिशातून आणलं नव्हतं. मी रोलर फिरवला आणि तपासनिसाला खोटं सांगितलं."

कॅफेत कॉफीचं यंत्र फुसफुसलं.

"कुठलं अंडं?" नातीने विचारलं.

"टिटवीचं," चित्रकार बाई कौतुकाने म्हणाली. "किती छान! म्हणजे तुमच्याकडे आधीपासून पक्षी येतात?"

जर्मनांपैकी एकाने रिन्सेला ओळखलं. "हाच तो, पाटीवाला," तो दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग चित्रकार जोडप्यानेही वाजवल्या. रिन्से मधोमध उभा होता, टाळ्या पडत होत्या, आणि त्याचं तोंड जोड्यात पाणी शिरलेल्या माणसासारखं झालं होतं.

मेन्तेने कानाला हात लावला. "काय म्हणतोय तो?"

"अंडं!" मी त्याच्या कानात ओरडलो.

"मला उकडलेलं," मेन्ते म्हणाला. "मीठ वेगळं."

दारातून वित्स्के बाजूला झाली. "पिल्लं उडाली," ती रिन्सेला म्हणाली. "कापा."

ती घरी पोचली तेव्हा गॉसेने दाढी करून घेतली होती, हार्मकडून, आणि गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"म्हणाला?"

"म्हणाला. सगळं. रोलर, तपासनीस, खिसा, सगळं."

"कोण कोण होतं?"

वित्स्केने खिडकीच्या तावदानावरून हात फिरवला. "भरलेला होता कॅफे."

"मेन्ते होता?"

"होता की."

"काय म्हणाला मेन्ते?"

"म्हणाला, मला उकडलेलं, मीठ वेगळं."

गॉसेच्या घशातून खरखर निघाली. वित्स्के धावली, तिला वाटलं ठसका लागला. तो हसत होता. त्याच्या हसण्याची कुणाला सवय राहिलेली नव्हती, त्यालाही नाही. "हलकट," तो डोळे पुसत म्हणाला. "अजून सुधारला नाही. बरं झालं. त्याने ऐकलं हे बरं झालं."

मेन्ते आता ठार बहिरा आहे, हे वित्स्केने सांगितलं नाही. त्या आठवड्यातलं तिचं हे दुसरं खोटं, आणि दोन्ही बापाच्या पायाशी वाहिलेली.

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला होता. गॉसेने दुर्बीण डोळ्यांना लावली. रिन्से शेताच्या मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापत चालला होता. हा संघाचा नियम, आत लपलेल्या जिवाला पळायला वाट राहावी म्हणून. आत जीव नव्हता, पण नियम पाळत होता. लोळलेलं गवत यंत्राखाली आडवं पडत होतं. पट्ट्यामागून पट्टा, तासभर, दोन तास.

"हा काय करतोय?" गॉसे म्हणाला.

"काय?"

"मघापासून एका जागेला वळसा घालतोय. चौकोन ठेवलाय उभा. खाटेएवढा."

वित्स्केने दुर्बीण घेतली. सपाट कापलेल्या शेतात गवताचा एक चौकोन उभा होता, तुरे हलत होते. ट्रॅक्टर दरवेळी त्याच्यापाशी येई, कडेने वळे आणि पुढे जाई. "पिल्लू दिसलं असेल," ती म्हणाली.

"पिल्लू नाही. तू चालून बघितलंस." गॉसेने दुर्बीण परत ओढून घेतली. मग ती खाली ठेवून उघड्या डोळ्यांनी पाहिलं. ओठ हलत होते. झडपेपासून तिरकं, चराच्या वळणापुढे, जुन्या पवनचक्कीच्या टोकाच्या रेषेत. "जागा तीच आहे," तो म्हणाला.

"कसली?"

"घरट्याची. बरोब्बर तीच. हातभरही इकडेतिकडे नाही."

वित्स्केला हायसं वाटलं. "म्हणजे मनाला लागलं म्हणायचं त्याच्या," ती म्हणाली. "मान दिला त्याने, हाइट. जागा राखली."

गॉसे तिच्याकडे वळला. त्याच्या गालावरचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"रोलरवर बसून टिटवीची खळी दिसत नाही," तो म्हणाला. "मी आजवर समजत होतो, त्याने आंधळेपणी फिरवला. आकसाने फिरवला, पण आंधळेपणी. खाली उतरल्याशिवाय, वाकल्याशिवाय, एवढी नेमकी जागा माणसाला आठवत नाही. तो उतरला होता, वित्स्के. वाकून बघितलं. काड्या बघितल्या. मग परत चढला."

पलीकडे रिन्सेने शेवटचा पट्टा संपवला, ट्रॅक्टर बंद केला आणि तो आभाळाकडे बघत उभा राहिला. हवामानवाला चुकला होता. समुद्राच्या बाजूने ढग शुक्रवारची वाट न बघता निघाले होते, बुडाला शाईसारखे. कापलेलं सगळं गवत ओळींनी उघड्यावर पडलं होतं आणि ते गोळा करायला दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी येणार नव्हतं. डाउत्सेन अंगणातून काहीतरी ओरडत धावत आली आणि अर्ध्या वाटेत थांबली. धावून करणार काय?

पहिले थेंब तावदानावर आले.

"खिडकी उघड," गॉसे म्हणाला.

"थंडी वाजेल, हाइट."

"वाजू दे." त्याने घोंगडी सारखी केली आणि खुर्चीत पाठ टेकली. "भिजतंय ते ऐकू दे."